शालनच्या डाव्या बाजूला

शालन ओव्हाळला मी पहिल्यांदा पाहिलं ते फोटोत. आमच्या कर्वेनगरच्या रनिंग ग्रुपने दृष्टिहीनांबरोबर धावायचं ठरवलं होतं आणि त्या रविवारी मी गावाला गेले होते. फोटोत वीसेक माणसं अंगठे वर करून उभी, आणि मधोमध एक सावळी, बुटकी बाई भलतीकडे बघून हसत होती. कॅमेरा कुठे आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तिच्याबरोबर धावायला पाच जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी दोन. चौथ्या रविवारी मी एकटी. तिथून पुढची दोन वर्षं मी एकटीच.

मी उल्का. कर्वेनगरमधल्या मुलींच्या एका शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्यामुळे सकाळी माझ्या चहाची वाट बघणारं कुणी नव्हतं. शालनला धावायला माणूस हवं होतं आणि मला सकाळी उठायला कारण. सेवा वगैरे म्हणतात तसलं काही माझ्या मनात नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोकांनी माझं फार कौतुक केलं.

आंधळ्या माणसाबरोबर धावायचं म्हणजे एक हातभर दोरी लागते. एक टोक तिच्या डाव्या हातात, दुसरं माझ्या उजव्या. मी तिच्या डाव्या बाजूने धावायचं आणि सतत बोलत राहायचं. खड्डा. स्पीड ब्रेकर, तीन, दोन, एक. समोर कुत्रं, झोपलंय. उजवीकडे वळ. पहिले काही दिवस ती प्रत्येक पाऊल पाण्यात टाकावं तसं टाकायची. दोन महिन्यांनी तिचा पाय मोकळा पडायला लागला. मी खड्डा म्हटलं नाही म्हणजे तिथे खड्डा नाही, एवढा विश्वास तिने माझ्यावर टाकला होता.

कॅनॉलच्या रस्त्यावर धावता धावता तिने मला तिचं सगळं आयुष्य तुकड्यातुकड्याने सांगितलं.

ती खडकीची. वडील रामदास एका कारखान्यात कामाला होते. दिवसा त्यांना ठीक दिसायचं, पण दिवेलागण झाली की ते घरी येताना भिंतीला आपटायचे, गटारात पाय घालायचे. वस्तीतले लोक म्हणायचे, रामदास पिऊन येतो. रामदासने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दर रविवारी विहारात बसून पंचशील म्हणणारा माणूस तो. पण त्याने कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. शालन दहा-अकरा वर्षांची असताना तिने रडून त्यांना विचारलं होतं की तुम्ही लोकांना खरं का सांगत नाही. तेव्हा ते म्हणाले, “दारुड्याला कारखान्यात ठेवतात, बाळा. आंधळ्याला काढतात.”

पुढे तिलाही तेच झालं. कॉलेजच्या सहलीला सगळ्या मुली आकाशात तारे मोजत होत्या आणि शालन त्यांच्या सुरात सूर मिसळून मोजत होती. तिला एकही तारा दिसत नव्हता. सव्विसाव्या वर्षी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. डोळ्यातला पडदा कडेकडेने मरत येतो, आधी रात्र जाते, मग बाजू जातात, शेवटी मधलं उरलेलं भोक बुजतं. औषध नाही. घराण्यात चालतो. तोवर ती परीक्षा देऊन सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागली होती. तिने वडिलांसारखंच केलं. लपवलं. बारा वर्षं टेबलाच्या कडा पाठ करून, पायऱ्या मोजून काढली. शेवटी भर दुपारी साहेबांच्या अंगावर पाण्याचा जग सांडला, तेव्हा प्रमाणपत्र पुढे ठेवलं. नोकरी गेली नाही. आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, फोनवर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दिलं. ती म्हणायची की बाबा अजून असते तर त्यांना सांगितलं असतं, आता काढत नाहीत.

राकेशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिने लग्नाआधी सगळं सांगितलं होतं. तो चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा शांत माणूस. त्याने एकच विचारलं होतं, मुलांना होईल का? डॉक्टर म्हणाले होते, नाणं उडवल्यासारखं आहे, होईल किंवा नाही. त्यांनी एकच मूल होऊ दिलं. मैत्री.

मैत्री सात वर्षांची असताना तिचे डोळे तपासले तेव्हा त्यात काही सापडलं नव्हतं. दर दोन वर्षांनी आणा, असं डॉक्टर म्हणाले. एकदा नेलं. मग करोना आला. मग शालनची स्वतःची नजर इतक्या वेगाने उतरली की घरातलं सगळं लक्ष तिकडेच गेलं. आणि खरं सांगायचं तर, पुन्हा जायची कुणाला घाई नव्हती. नाणं हवेत होतं तोवर बरं होतं.

मॅरेथॉनची कल्पना वारज्याच्या केंद्रातून निघाली. दोन खोल्यांमध्ये नम्रता नावाची एक शिक्षिका नजर जात चाललेल्या मुलांना शिकवायची. पांढरी काठी कशी धरायची, फोन ऐकून कसा वापरायचा, ब्रेल कसं वाचायचं, गॅस कसा पेटवायचा. शालन तिथेच काठी शिकली होती. केंद्राला मदत करणाऱ्या ट्रस्टने हात आखडता घेतला आणि नम्रता केंद्र बंद करायच्या गोष्टी बोलू लागली. तेव्हा शालन म्हणाली, मी बेचाळीस किलोमीटर धावते, लोकांकडे मागा. मला वाटलं ही एका चकरेत हा नाद सोडेल. मी तिला तसं म्हटलंही. त्यावर ती म्हणाली, “उल्काताई, मी लहानपणापासून अंधारात धडपडतेय. एकदा सरळ धावून बघू द्या.”

ते वर्ष आम्ही फक्त तयारी केली. डिसेंबरमध्ये शर्यत होती. आठवड्यात चार दिवस, पहाटे उजाडता उजाडता. पंधरा किलोमीटर, अठरा, बावीस. माझं वय साठ, तिचं चव्वेचाळीस. माझे गुडघे कुरकुर करायचे, पण शाळेच्या तीस वर्षांत मी स्वतःला जेवढी कामाची वाटले नव्हते तेवढी त्या वर्षात वाटले. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पंधरा ऑगस्टला शाळेचं झेंडावंदन उरकून मैत्री सायकलवर आमच्याबरोबर आली. चौदा वर्षांची, दोन वेण्या, आईसारखीच बुटकी. आम्ही धावायचो आणि ती बाजूने सायकल चालवत पाण्याच्या बाटल्या द्यायची. राजाराम पुलाजवळ आम्ही थांबलो. माझ्याकडे संत्री होती. मी एक शालनच्या हातात दिलं आणि एक मैत्रीकडे फेकलं. हळूच, बाजूने, दोन हातांच्या अंतरावरून. तिने हात उचलला नाही. संत्रं तिच्या खांद्याला लागून खाली पडलं. ती म्हणाली, “सॉरी मॅडम, लक्ष नव्हतं.”

तीस वर्षं मी मुलींकडे चेंडू फेकले आहेत. लक्ष नसलेली मुलगी चेंडू लागल्यावर दचकते, पण शेवटच्या क्षणी तिचा हात थोडा तरी उठतो. मैत्रीचा उठला नाही. तिला ते संत्रं येताना दिसलंच नव्हतं.

मी त्या दिवशी गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात शालनच्या घरी गेले असताना ती स्वयंपाकघरात होती आणि मैत्री गॅलरीत अभ्यास करत होती. मी मैत्रीसमोर बसले, म्हटलं, माझ्या नाकाकडे बघ. दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवत हळूहळू पुढे आणली आणि म्हटलं, दिसली की सांग. बोटं जवळजवळ माझ्या कानांपर्यंत आली तरी ती काही बोलली नाही. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला एक वर्षापासून ठाऊक होतं. थिएटरमध्ये खुर्ची सापडत नव्हती तेव्हापासून.

“मॅडम, आईला सांगू नका,” ती म्हणाली. “मॅरेथॉन होईपर्यंत तरी नको. ती खूप खूश आहे. नंतर मी स्वतः सांगते.”

मी हो म्हटलं.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला समजावत होते की मुलीला शब्द दिला म्हणून मी गप्प आहे. ते खरं नव्हतं. शालनला कळलं तर ती धावणं सोडेल, हे मला पक्कं माहीत होतं. आणि तिने धावणं सोडलं तर मी पुन्हा सकाळी एकटी चहा करून पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसेन. औषध तर नाहीच, मग चार महिन्यांनी काय बिघडतं, असा हिशोब मी मनाशी केला. एका गोष्टीचा विचारच केला नाही. ती पोर रोज सायकल चालवत होती.

ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी क्लासवरून येताना डाव्या गल्लीतून रिक्षा आली आणि मैत्री तिच्यावर जाऊन आदळली. रिक्षावाला बिचारा सांगत राहिला की मी हॉर्न दिला, वेग कमी होता, ही सरळ अंगावरच आली. तिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. राकेश कामावर होता, म्हणून शालनला घेऊन हॉस्पिटलात मी गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने सहज विचारलं, एवढी मोठी रिक्षा, बाजूने येताना दिसली कशी नाही? मैत्री काही बोलली नाही. शालन माझा दंड धरून उभी होती. तिची बोटं आवळली, मग सैल पडली. मग तिने हात पुढे करून खुर्ची चाचपली आणि खाली बसली. तिला तेव्हाच कळलं. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली ती नुसती कागदावर यायची म्हणून.

मला वाटलं आता मॅरेथॉन संपली. पण तिसऱ्याच सकाळी शालन तिच्या इमारतीखाली गेटपाशी बूट घालून उभी. मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, घरी बसून काय करू? मैत्री बोलत नाही. राकेश बोलत नाही. मी भिंतींचा आवाज ऐकत बसते. निदान इथे पायांचा आवाज येतो.

त्यानंतर ती पूर्वीसारखी बोलत नसे. धावता धावता आयुष्य सांगायची ती गप्प झाली होती. फक्त दोरी ताणलेली असायची, कारण ती माझ्यापुढे जायला बघायची. आंधळं माणूस वाट दाखवणाऱ्याच्या पुढे जायला बघतं, हे मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

लोकांकडून येणारी मदत तोवर अगदीच बेताची होती. लोक शुभेच्छा भरपूर द्यायचे. नोव्हेंबरात नम्रताने केंद्राचं आवाहन नव्याने लिहिलं आणि सगळीकडे पाठवलं. त्यात एक ओळ वाढवली होती, ‘अंध आई धावतेय, तिच्याच वाटेवर निघालेल्या लेकीसाठी.’ शेजारी शालनचा आणि मैत्रीचा फोटो. शालनला विचारलं नव्हतं. नम्रताचा हेतू वाईट नव्हता, तिला तिच्या अकरा मुलांची काळजी होती. आणि त्या ओळीने काम केलं. वर्षभराच्या धावण्याने आलं नव्हतं तेवढं दोन आठवड्यांत आलं.

मैत्रीच्या वर्गातल्या मुलींच्या पालकांच्या ग्रुपवरही ते आवाहन फिरलं. तोवर तिने शाळेत कुणालाही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवण्यात आलं, डब्याच्या सुट्टीत दोन मुली तिचा हात धरून तिला नळापर्यंत घेऊन गेल्या. ती घरी आली आणि म्हणाली की मी आता शाळेत जाणार नाही. शालनने नम्रताला फोन करून ती ओळ काढायला लावली, पण एकदा फिरलेली गोष्ट परत येत नाही. त्या संध्याकाळी मैत्रीने आईला जे विचारलं ते राकेशने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, “तू धावलीस म्हणून मला दिसणार आहे का?” मैत्रीने उत्तर येईल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली आणि आत निघून गेली.

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचला आम्ही स्वारगेटजवळ सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होतो. थंडी होती. शालनच्या पाठीवर ‘दृष्टिहीन धावपटू’ असं लिहिलेला पिवळा कागद टाचण्यांनी लावला होता. आजूबाजूची माणसं तिच्या पाठीवर थाप मारून जात होती आणि कोण थाप मारतंय हे न कळल्यामुळे ती प्रत्येक वेळी दचकत होती. मैत्री आली नव्हती. राकेश शेवटच्या टप्प्यावर थांबणार होता.

पहिले वीस किलोमीटर ठीक गेले. सिंहगड रस्त्याने धायरीपर्यंत जाऊन परत यायचं, आणि पुन्हा एकदा तसंच. दुसऱ्या फेरीत ऊन चढलं. रस्त्याची एक बाजू वाहनांना सोडली होती, बसचा धूर नाकात जात होता. सत्ताविसाव्या किलोमीटरनंतर माझा डावा गुडघा दुखायला लागला आणि आम्ही थोडं चालत, थोडं धावत पुढे जात होतो. तेव्हा, कितीतरी आठवड्यांनी, शालन आपणहून बोलायला लागली.

ती म्हणाली की मैत्री लहान असताना दिवे गेले की रडायची. मी म्हणायचे, भित्री आहे. अंधारात पाणी आणायला पाठवलं की पेला सांडून यायची. मी रागवायचे. माझ्या बाबांना लोक दारुडे म्हणायचे त्याचा मला केवढा संताप यायचा, आणि मी माझ्याच पोरीला वेंधळी म्हणत होते. मला दिसत असतं तर मला कळलं असतं. इतर आयांना कळलं असतं.

मग थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, “एकच गोष्ट मनाला धरून ठेवते. राकेशला कळलं नाही, तिच्या बाईंना कळलं नाही, तुम्ही एवढ्या मुली पाहिल्यात, तुम्हालाही कळलं नाही. म्हणजे ते कळण्यासारखं नव्हतंच. हो ना, उल्काताई?”

मी खड्डा म्हटलं. खड्डा खरंच होता. तो ओलांडला. ती माझ्या शब्दावर पाऊल टाकत होती. त्या क्षणी ‘हो’ म्हणणं मला जमलं नाही. मी तिला सांगितलं. संत्र्याचं, बोटांचं, मैत्रीने केलेल्या विनवणीचं. ऑगस्टपासून मला माहीत होतं, हेही.

ती थांबली. मागून येणारा एक मुलगा आम्हाला वळसा घालून गेला. रस्त्याच्या कडेला उभं असलेलं एक कुटुंब टाळ्या वाजवत होतं, त्यांना वाटलं आम्ही दमलो.

“ती सायकल चालवत होती,” शालन म्हणाली.

मी दोरीचं माझं टोक घट्ट धरलं.

“मला दिसत नव्हतं. तुम्हाला तर दिसत होतं ना.”

तिचा आवाज चढला नव्हता. तिने बोटं उघडली आणि दोरी सोडून दिली. मग ती एकटीच पुढे निघाली, दोन्ही हात थोडे पुढे धरून. सहा-सात पावलं गेली असेल. रस्ता दुभागण्यासाठी लावलेल्या प्लास्टिकच्या शंकूला तिचा पाय लागला, तो आडवा झाला, ती गुडघ्यावर आली. पलीकडून बस जात होती. मी धावत गेले पण तिला हात लावायचं धैर्य झालं नाही. ती स्वतःच उठली. कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. बस गेली, रिक्षा गेल्या. मग तिने डावा हात बाजूला केला आणि तळवा उघडला.

“द्या,” ती म्हणाली. “आता फक्त रस्ता सांगा. दुसरं काही बोलू नका.”

पुढचे बारा किलोमीटर मी फक्त रस्ता सांगितला. उजवीकडे. खड्डा. चढ. पाण्याचं टेबल, पेला समोर. वळण. तिचा गुडघा फुटला होता, रक्त मोज्यापर्यंत आलं होतं, पण तेही मी तिला सांगितलं नाही, कारण ते रस्त्याबद्दल नव्हतं. ती माझ्यावर विसंबून धावत होती आणि तिला ते नको होतं. तिच्याकडे दुसरा इलाज नव्हता. माझ्याकडेही नव्हता.

आम्ही वेळेच्या आत पोचलो. जेमतेम दहा मिनिटं राखून. कुणीतरी लाउडस्पीकरवर तिचं नाव घेतलं, लोक उभे राहिले, गळ्यात पदक पडलं. एका फोटोग्राफरने आम्हा दोघींना धरलेले हात वर करायला सांगितलं. शालनने केला. मी केला. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, खाली ‘जिद्द आणि मैत्रीचा विजय’ असं छापलं होतं. यातली मैत्री म्हणजे तिची लेक का, असं मला तीन-चार जणांनी फोन करून विचारलं. राकेशने शालनला रिक्षात बसवलं, माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले. तिने त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

मी त्यानंतर रोज सकाळी गेटपाशी उभी राहायचे. ती आली नाही. फोन केला की राकेश सभ्यपणे सांगायचा, ती झोपली आहे, ती ऑफिसला गेली, तिचं डोकं दुखतंय. महिन्याभराने मी फोन करणं थांबवलं.

केंद्र त्या पैशांवर चौदा महिने चाललं. राकेश एकदा मैत्रीला तिथे घेऊन गेला. पहिल्याच खोलीत भिंतीवर तिच्या आईचा धावतानाचा मोठा फोटो लावला होता, आणि तीच ओळ खाली ठळक अक्षरांत. मैत्री अगदी जवळ जाऊन ती वाचून बाहेर आली. पुन्हा गेली नाही. मग घरमालकाने जागा मागितली, नम्रताला नागपूरकडे पक्की नोकरी मिळाली आणि ती गेली. अकरा मुलं आपापल्या घरी गेली. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

याला आता तीन वर्षं होत आली. गेल्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी मी न विचारताच शालनच्या घरी गेले. दार तिने उघडलं. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, “या, आपण बसा.” दोन वर्षं तिने मला ‘तुम्ही’ म्हटलं होतं, त्यात माया होती. हे ‘आपण’ ती ऑफिसात येणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणायची. चहा तिने स्वतः केला. तिच्या डोळ्यांत शिल्लक होतं तेवढंही गेल्या पावसाळ्यात संपल्याचं तिने सांगितलं. आता दिवसरात्र सारखंच, एक राखाडी पडदा.

आम्ही हवापाण्याचं बोलत होतो तेव्हा मैत्री बाहेरून आली. सतरा वर्षांची. बारावीचा फॉर्म बाहेरून भरलेला. मला बघून, म्हणजे माझा आवाज ऐकून, तिने मान हलवली, ती पाणी प्यायली आणि आत गेली. दार बंद झालं.

शालनने कप खाली ठेवला. मग माझ्या दिशेने मान वळवून तिने विचारलं, “कशी चालते ती आता? ती मला सांगत नाही, राकेश बरंय म्हणतो. आपण पाहिलंत ना आत्ता. सांगा.”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण मी सांगितलं. डावा हात भिंतीवर ठेवून आली. चौकटीला खांदा घासला. चप्पल ठेवताना मांडणी दोनदा चाचपली. पाणी पिताना पेल्यात बोट बुडवून बघितलं, किती भरलाय ते. समोर बघते, बाजूला अजिबात नाही.

“अजून?”

“अजून काही नाही.”

“बरं,” शालन म्हणाली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बंद दाराकडे तोंड करून बसली.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. पुढच्या महिन्यात येणार का, असं तिने विचारलं. त्या विचारण्यात बोलावणं नव्हतं, क्षमाही नव्हती. मी येते म्हटलं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जाते. चहा होतो. मैत्री एकदा बाहेर येऊन आत जाते. काय पाहिलं ते मी हळू आवाजात सांगते. काही वगळत नाही. दर महिन्याला सांगायला थोडं जास्त असतं.